परतीची नळी

३ फेब्रुवारी

चि. ………,

टिंबांच्या जागी काय लिहावं ते कळेना, म्हणून टिंबंच दिली आहेत. पूर्वी 'चि. सौ.' लिहिलं की मी मोकळा व्हायचो. आता 'सौ.' लिहिलं तर तुला राग येईल, 'कु.' लिहिलं तर मला हसू येईल आणि 'श्रीमती' लिहिलं तर एखाद्या मुख्याध्यापिकेकडे रजेचा अर्ज केल्यासारखं वाटेल. 'चि.' मात्र ठेवलं आहे. सून सून राहिली नाही तरी 'चि.' कोर्टाच्या कागदाने जात नाही, अशी माझी समजूत आहे. चुकीची असेल तर कळव.

तू फोन नंबर बदललास, पण वर्कशॉप बदललं नाहीस असं ऐकलं, म्हणून तिथल्या पत्त्यावर लिहितो आहे. तुमचं दोघांचं काय बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. माझं काम गाडीचं आहे.

गाडी सुरू व्हायला फार वेळ लावते. तू बसवलेल्या इंजिनाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. एकदा पेटलं की मांजर गुरगुरावं तसं चालतं. पण रात्रभर उभी राहिली की सकाळी नुसतं घर्र घर्र घर्र. आपण किल्ली धरून बसायचं, स्टार्टर रडतोय, शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडतायत, आणि आता बॅटरी मान टाकणार असं वाटतं तेव्हा कुठे आतून कोणीतरी 'आले, आले' म्हणत धावत यावं तसं इंजिन पेटतं. गंमत म्हणजे दुकानापाशी बंद करून लगेच परत लावली तर एका झटक्यात सुरू. मी नवी बॅटरी घातली. आता नव्या दमाने रडते.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ बघितलं आणि हळूच बंद केलं.

"आजोबा, हे इंजिन या गाडीचं नाही."

"ठाऊक आहे. हिचं जुनं गेलं, तेव्हा दुसऱ्या गाडीचं उचलून हिच्यात बसवलंय."

"मग ज्यांनी बसवलं त्यांनाच विचारा. मी हात लावायचो आणि बिघडलं तर नाव माझं."

"ज्यांनी नाही, जिने," मी म्हणालो. तर पठ्ठ्याने पुन्हा बॉनेट उघडलं आणि पहिल्यापेक्षा जास्त वेळ बघत बसला.

घाई अशासाठी की तुझ्या सासूबाईंना (जुनी सवय, जाऊ दे) मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात न्यावं लागतं. काळजीचं काही नाही, पाय सुजतात एवढंच. पण तिथे वेळेवर पोहोचावं लागतं. उशीर झाला की तेवढा वेळ कापतात, कारण पुढचा माणूस रांगेत असतो. दुसऱ्या गाडीत ही बसत नाही. तू हिच्यासाठी पुढची सीट उंच करून दिली होतीस ना, तीच हवी. आमचे चिरंजीव फोनवर म्हणतात, "ते धूड भंगारात काढा आणि टॅक्सी लावा." मार्चअखेरीला येतो आणि निकाल लावतो म्हणाला आहे. त्याआधी गाडी धड सुरू झाली पाहिजे. नाहीतर हिची सीट जाईल आणि सीट गेली की ही जायची थांबेल. मी हिला ओळखतो.

मी लिहितोय हे हिला माहीत नाही. तुझा विषय आमच्याकडे निघत नाही. म्हणजे निघतो, पण आडून. परवा कपडे धुवायच्या मशीनमध्ये काहीतरी खडखडलं, तर ही सुजलेले पाय घेऊन धावत गेली. लोखंडी बटण निघालं. ते हातात धरून बराच वेळ उभी होती. तुझ्या खिशातले किती पाने त्या मशीनमधून निघाले असतील! दर वेळी ही त्यावर चिठ्ठी लावून ठेवायची, 'सुनेचा पान्हा कपड्यात सापडला', आणि दर वेळी मी लाल पेनाने त्यातला ह खोडायचो. पान्हा गाईला फुटतो, बोल्टाला लागतो तो पाना. जन्मभर सांगितलं, ऐकेल तर शपथ.

उत्तर दे. नाही दिलंस तर मी समजून घेईन, गाडी घेणार नाही.

तुझा,
बाबा (हे अजून चालतं का तेही कळव)


१३ फेब्रुवारी

चि. ………,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर मायना नाही. म्हणजे अडचण दोन्हीकडे आहे, बरं वाटलं.

तू लिहिलंस तसं केलं. किल्ली अर्धीच फिरवली आणि थांबलो. आणि काय सांगू, मागच्या सीटखालून कोणीतरी गुणगुणलं! बारीक आवाज, दोन श्वासांपुरता, मग शांत. किल्ली बंद केली, पुन्हा अर्धी फिरवली, पुन्हा तीच गुणगुण. मग पूर्ण फिरवली तर इंजिन हात लावल्या लावल्या सुरू. मी इतकी वर्षं ही गाडी चालवतो, पण ती सुरू व्हायच्या आधी बोलते हे मला माहीत नव्हतं. स्टार्टरच्या गोंगाटात कधी ऐकूच आलं नाही. मी गाडी बंद केली आणि नुसती गुणगुण ऐकायला परत किल्ली फिरवली. असं किती वेळा केलं ते सांगत नाही.

तू कारण लिहिलं नाहीस, पण ते मला आंघोळ करताना सुचलं. मी जन्मभर पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवले. टेकडीवरच्या टाकीला पाणी चढवायचो तेव्हा पंपाच्या पुढ्यात एक व्हॉल्व्ह असायचा. पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. आम्ही त्याला दरवान म्हणायचो. दरवान झोपला की पंप थांबल्यावर टेकडीभरचं पाणी मुकाट्याने खाली उतरायचं आणि सकाळी पंप सुरू केला की नळी भरेपर्यंत वर थेंब नाही. गाडीतही तेच चाललंय ना? रात्री पेट्रोल इंजिनापासून मागे टाकीत उतरतं, आणि सकाळी मी स्टार्टर रडवतो तो नळी भरेपर्यंत. अर्धी किल्ली फिरवली की पंप आधी नळी भरून ठेवतो. असंच आहे ना? असंच असेल तर मला दोन दिवस झोप येणार नाही.

कारण मी समजत होतो, गाडी बंद म्हणजे सगळं बंद. जुन्या इंजिनात एका वाटीत पेट्रोल साठायचं, ते मला समजायचं. पण तू बसवलेल्या या इंजिनात पेट्रोल दाबाखाली उभं राहतं म्हणतेस. तीन बार! तीन बारने पाणी दहा मजले चढतं, पोरी, माझ्या नोकरीत मी तेवढा दाब मोठ्या पंपघराबाहेर पाहिला नाही. तो माझ्या पुढ्यात, करंगळीएवढ्या नळीत, मी किल्ली काढून घरी जेवायला गेल्यावरही उभा असायचा. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी, उद्या सकाळची वाट बघत. हे कोणी सुचवलं असेल?

मंगळवारी हिला घेऊन निघालो तेव्हा हिने किल्लीकडे बघितलं.

"काय खेळताय?"

"इंजिनाला विचारतोय, निघू का म्हणून."

 शुक्रवारी मी विसरलो तर म्हणाली, "अहो, विचारा की त्याला."

आमचं बरं चाललंय. पायांची सूज कमी-जास्त असते.

बाबा


२४ फेब्रुवारी

चि. ………,

तू म्हणालीस तसंच झालं. दोनदा गुणगुण पुरायची तिथे तीनदा लागायला लागली, मग पाच-सहादा. तुझं दुसरं कार्ड वेळेवर आलं. दाब मोजायचं गेज घेऊन आलो.

तू लिहिलं होतंस, 'इंजिनावर चारही इंजेक्टरच्या डोक्यावरून एक आडवी नळी जाते, तिच्या टोकाला टोपी आहे, ती काढून गेज लावा. पाना दहा नंबरचा.' दहा नंबरचा पाना घरात नव्हता. आठचा होता, बाराचे तीन होते, दहाचा नाही. तू असताना तूही त्याच्याच नावाने शंख करत फिरायचीस, आठवतं? मी माळा उतरवला, पेटी उपसली, बिचाऱ्या गॅरेजवाल्याकडे मागितला तर त्याचाही हरवलेला. शेवटी चिडून खोलीच्या मधोमध उभा राहिलो.

ही शिवणाच्या मशीनपाशी बसली होती. आता शिवत नाही, पण बसते तिथेच. हिने डबा उघडला, रिळांच्या खालून एक कापडाची घडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत दहा नंबरचा पाना. शिवणमशीनचं तेल लावून ठेवलेला, गंजाचा ठिपका नाही. मी म्हणालो, "हा कुठून आला?" तर म्हणाली, "शेवटच्या धुण्यात निघाला होता. काम झालं की परत द्या."  पान्यावर हिच्या बोटांचा ऊबदारपणा होता की उन्हाचा, कोण जाणे.

गेज लावलं. इंजिन चालू असताना काटा तीनावर, हलतसुद्धा नाही. किल्ली बंद केली आणि बघत बसलो. काटा घसरायला लागला. घाईने नाही, तासाच्या शेवटी मुलं वर्गाबाहेर सटकतात तसा. चहा गाळेपर्यंत शून्यावर. म्हणजे माझं आंघोळीतलं गणित बरोबर निघालं. शेजारी कोणी नव्हतं, नाहीतर टाळी मागितली असती.

मग मी सतरंजी घालून गाडीखाली शिरलो, आणि त्याबद्दल मला तुला सांगायचंच होतं. मी तुझं काम कधी खालून पाहिलं नव्हतं. त्या वेळी तू अंगणात दिवसचे दिवस या गाडीखाली असायचीस, तेव्हा मला फक्त तुझे बूट दिसायचे. आता दिसलं. दोन नळ्या, टाकीपासून इंजिनापर्यंत, एकमेकींना कुठेही न घासता. जिथे पत्र्याची कड आली तिथे रबराचा तुकडा. सगळ्या क्लिपांचे स्क्रू एकाच बाजूला, म्हणजे उद्या कोणी आडवं पडून काम करायला आलं तर त्याचा हात पोहोचावा. एका नळीवर पांढरा ठिपका, दुसरीवर पिवळा. कोणी बघणार नाही अशा जागी इतकं नीट कोण करतं? मी पाठीवर पडल्या पडल्या बघतच राहिलो. ही वरून विचारत होती, "झोपलात काय?"

एक गोष्ट मात्र मला खटकली. इंजिन चालू असताना टाकीचं झाकण उघडून कान लावला, तर आत पेट्रोल पडतंय. पिवळ्या ठिपक्याची नळी इंजिनाला गेलेलं पेट्रोल परत आणून टाकीत ओततेय! थेंबथेंब नाही, चांगली धार. आमच्या खात्यात असं पाणी परत आलं असतं तर चौकशी बसली असती. मी त्याचं बघतो. तू काळजी करू नकोस.

बाबा


२ मार्च

चि. ………,

घाईत लिहितोय. गळती सापडली आणि बंदही केली! परतीच्या नळीला चिमटा लावून आवळून टाकला. आज सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू. थोडा काळा धूर येतो, पण तो नव्या दाबाची सवय होईपर्यंत येणारच. तुझ्या एवढ्या सुंदर कामात ही एकच गफलत राहिली होती. राहते एखादी. मनाला लावून घेऊ नकोस.

बाबा


११ मार्च

चि. ………,

हसलीस तरी चालेल. मी शरमेने अर्धा झालो आहे.

शुक्रवारी हिला घेऊन निघालो. धूर वाढला होता, पेट्रोलचा वास येत होता, मी खिडकी उघडली आणि गाडी फुलबागेच्या रस्त्याने घेतली. मोठ्या रस्त्याला लागण्याआधी बॉनेटखाली 'फट्' झालं आणि इंजिन बंद. फिल्टरपुढची नळी क्लिपेतून निसटून बाहेर आली होती आणि सगळीकडे पेट्रोल. मी आधी हिला खाली उतरवलं, लांब नेऊन कट्ट्यावर बसवलं, मग बॅटरीची वायर काढली. आग लागली नाही. हे वाक्य लिहायलाही मला धीर करावा लागला.

लाँड्रीवाल्याचा टेम्पो चालला होता, त्याने घेतलं. जन्मात दुसऱ्या गाडीत न बसणारी तुझी सासू इस्त्रीच्या गठ्ठ्यांमध्ये महाराणीसारखी बसून दवाखान्यात पोहोचली. पण उशीर झालाच. त्यांनी वेळ कापला.

आता खरं लिहितो. नुसती पायांची सूज नाही. हिच्या दोन्ही किडन्या थकल्या आहेत. मंगळवार-शुक्रवार हिचं रक्त मशीनने धुतात. मी तुला लिहिलं नाही, कारण तू गाडीसाठी उत्तर द्यावंस, दयेपोटी नको, असं मला वाटत होतं.

एरवी मी बाहेर बसतो. मला नळ्या बघवत नाहीत, म्हणजे हिच्या. त्या दिवशी मात्र मी आत गेलो, कारण टेम्पोत हिने माझा हात सोडला नव्हता. तर ऐक. हिच्या हातात दोन सुया. एका सुईतून रक्त बाहेर येतं, नळीने मशीनमध्ये जातं, एका लांबट फिल्टरमधून फिरतं आणि दुसऱ्या नळीने परत हिच्यात येतं. जाणारी आणि येणारी. दोन्ही नळ्यांवर रंगाच्या खुणा! मी खुर्ची ओढून तिथेच बसलो. हिचं रक्त हिच्यातून निघून, खोलीत एक फेरी मारून, पुन्हा हिच्यात शिरतंय आणि ही शांतपणे छताकडे बघतेय. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हिला असं कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटेल असं वाटलं होतं. भीती नाही वाटली. देवळात वाटतं तसं वाटलं, आणि मी तर देवळात जात नाही.

तेवढ्यात मशीन ओरडायला लागलं. लाल दिवा, टीं टीं टीं. मी ताडकन उभा. मशीनवरची मुलगी आली, हिचा कोपर सरळ केला, ओरडणं बंद.

"आजी, हात दुमडायचा नाही. परतीची नळी दबते."

"दबली तर काय होतं?" मी विचारलं.

"परतीचा दाब वाढतो. परतीची मोकळी असली तरच सगळं चालतं, आजोबा. ती दबली की मशीन सगळंच थांबवतं."

मी खाली बसलो. माझ्या डोक्यात आधी पिवळा ठिपका आला आणि मग आपला चिमटा. परत येणारं पेट्रोल वाया जात नव्हतं. इंजिनाला लागेल त्याहून जास्त पाठवायचं आणि उरलेलं परत येऊ द्यायचं, म्हणूनच पुढे दाब कायम तीनावर राहतो, इंजिन रांगत असो की धावत. मी परतीची वाट बंद केली आणि पुढची नळी निसटली. तू गफलत केली नव्हतीस. मी चौतीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढली. माझ्या लेखी परत येणारं ते सगळं गळती.

आता दुसरी गंमत. हिने हात का दुमडला होता? उशीखाली काहीतरी लपवायला. मी विचारलं, काय आहे ते. हिने काढून दिलं. तुझं कार्ड. 'चिमटा काढा. आत्ता. गाडी सुरू करू नका.' सकाळी पोस्टमन आला तेव्हा ही दारात होती. अक्षर ओळखलं, पिशवीत टाकलं, आणि मशीनवर पडल्या पडल्या वाचत होती.

"हे तुमच्यासाठी आलंय," म्हणाली.

"सकाळीच दिलं असतंस तर—"

"आधी मी वाचणार होते. किती दिवसांनी आलंय तिचं अक्षर आपल्या घरात."

"पहिलं नाही हे. दोन आधी आली आहेत."

यावर हिने माझ्याकडे असं बघितलं, की मशीन पुन्हा ओरडेल असं मला वाटलं.

काल चिमटा काढला, नळी नवी घातली. मग तुझ्या दुसऱ्या कार्डातली, मी तशीच सोडून दिलेली परीक्षा नीट केली. इंजिन चालवून बंद केलं आणि लगेच परतीची नळी दाबली: काटा घसरला. तिचा दोष नाही, माफी मागून सोडून दिली. पुन्हा चालवून बंद केलं आणि या वेळी जाणारी नळी, पंपाला लागून, दाबली. काटा थांबला. मी चहा केला, गाळला, प्यायलो. काटा तिथेच. म्हणजे पंपातला दरवान झोपला आहे. आता पुढे काय ते सांग. आणि चिरंजीव महिनाअखेरीला येतोय, हे विसरू नकोस.

बाबा


२६ मार्च

चि. पोरी,

पार्सल मिळालं. उघडून मी हसत सुटलो. हत्तीच्या पायाएवढे व्हॉल्व्ह मी फिरवले, एकेकाला दोन-दोन माणसं लागायची. आणि हा दरवान माझ्या अंगठ्याएवढा! फुंकर मारली तर एका बाजूने जाते, दुसऱ्या बाजूने जात नाही. मी फुंकून बघितलं, मग हिला दिला. हिनेही फुंकून बघितलं. म्हणाली, "एवढासा आहे, पण ठाम आहे."

सोबत तुझी चिठ्ठी: 'बाबा, बाण इंजिनाकडे.' बाण बघून व्हॉल्व्ह बसवण्यात माझा जन्म गेला, तरी तू सांगितलंस ते बरं केलंस. बाणाआधीचा जो शब्द आहे तो मी बऱ्याच वेळा वाचला.

मागे, टाकीपाशी, पांढऱ्या ठिपक्याच्या नळीत पंपाच्या पुढे बसवला. आधी बॅटरीची वायर काढली, नळीतला दाब सोडला, फडकं धरलं, सगळं तू लिहिलंस तसं. क्लिपांचे स्क्रू तुझ्या क्लिपांच्याच बाजूला ठेवले. उगाच दुसऱ्याने हात घातल्यासारखं दिसायला नको. हिने खुर्ची आणून अंगणात मांडली आणि मला पाने देत होती. परिचारिकेसारखी, न विचारता बरोबर नंबरचा.

इंजिन चालवलं, बंद केलं. काटा तीनाच्या जरा खाली येऊन थांबला. आम्ही गेज तसंच ठेवून आत गेलो. सकाळी चहाच्या आधी दोघं बाहेर आलो. मी बॉनेट उघडलं. काटा होता तिथेच होता, केसभर खाली असेल तर असेल. रात्रभर, आम्ही झोपलो असताना, कोणाचं लक्ष नसताना, ते पेट्रोल इंजिनाच्या दाराशी तसंच उभं होतं.  हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बघा, राहिलं की नाही?" मग ही हिच्या उंच सीटवर जाऊन बसली आणि मी किल्ली फिरवली. गुणगुण, आणि झालं. घर्र म्हणायलाही वेळ मिळाला नाही त्याला. शेजारची खिडकी सवयीने उघडली आणि काहीच ऐकायला नाही म्हणून बंद झाली.

रविवारी चिरंजीव आला. भंगारवाल्याचा नंबर खिशात घेऊनच आला होता. मी किल्ली दिली. गाडी सुरू झाली. त्याने बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा सुरू. स्टिअरिंगवर हात ठेवूनच त्याने विचारलं,

"कोणी केलं?"

ही म्हणाली, "जिने बसवलं तिने."

 जाताना किल्ली खुंटीला परत टांगून गेला, आणि मला म्हणाला, "मंगळवारी आईला वेळेवर न्या." भंगारवाल्याचा विषय निघाला नाही. तुला कळवावं म्हणून कळवतो. बाकी त्याचं तो, तुझं तू.

आता मायन्याचं. हे पत्र लिहायला बसलो तेव्हा हिने मागून वाकून बघितलं. टिंबं बघून म्हणाली, "हे काय? ती काय टिंब आहे?" माझ्या हातातलं पेन घेतलं आणि टिंबांवरून लिहिलं. वर जे वाकडंतिकडं 'पोरी' दिसतंय ते हिचं आहे. सुयांचा हात आहे, थरथरतो.

मी हिला म्हणालो, दहाचा पाना आता पार्सलने पाठवून देऊ, पोरीचा आहे, तिला रोज लागत असेल. हिने ऐकून घेतलं आणि मला थोडी जागा सोडायला सांगितली. खालच्या ओळी हिच्या. लाल पेन माझ्या खिशातच आहे. तिथेच राहू दिलं.

बाबा

तुझा पान्हा माझ्याकडे आहे. पोस्टाने पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.